सोनं आहे हो नाना, परवडत नाही

व्हाइटहॉर्स, युकॉन (कॅनडा)
१७ ऑगस्ट

ती. नाना यांस,


तुमचं पत्र पोचलं. त्यात क्षेमकुशल दोन ओळींचं आणि सोनं दोन पानांचं, हे प्रमाण आपल्या घराण्याला शोभतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही राहतो त्या युकॉनमध्ये ओढ्याओढ्यांत सोनं आहे, सरकार त्याचे क्लेम, म्हणजे खणायच्या हक्काच्या जागा, देतं, जगभरची माणसं तिथं येऊन गब्बर झाली, आणि आम्ही इतकी वर्षं उशाशी सोनं घेऊन घराचा हप्ता भरतोय नि दारातला बर्फ उपसतोय. तेव्हा विट्याची जागा काढून एक क्लेम घ्यावा, 'नशिबानं साथ दिली तर' सात पिढ्या बसून खातील. गलाईच्या भट्टीसमोर आयुष्य घालवलेल्या माणसानं सोन्याच्या वाक्यात नशीब आणावं, याचंच मला नवल वाटलं. तुम्ही कधी गिऱ्हाइकाला 'नशिबानं निघेल तेवढं' म्हणून सोनं गाळून दिलंत? घट किती, टंच किती, तेजाबाचा खर्च किती, हे आधी बोलणारी माणसं तुम्ही. म्हणून हे लांबलचक उत्तर. त्यात सांगायचंय ते एकच: इथल्या ओढ्यांत सोनं कधी कमी पडलं नाही, आणि नशिबाचं म्हणाल तर लोकांनी गायलं तेवढं त्याचं काही चाललं नाही. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तिथं चालला तो माती हलवायच्या खर्चाचा हिशेब. तो बसला तेव्हा सोनं निघालं, बसला नाही तेव्हा तेच सोनं तिथंच पडून राहिलं.

आधी ओढ्याची ओळख करून देतो. नाव बोनान्झा, म्हणजे घबाड. १८९६ पर्यंत त्याला रॅबिट क्रीक, सशाचा ओढा, म्हणत. आमच्यापासून साधारण ५३० किलोमीटरवर डॉसन गाव आहे. तिथं क्लोंडाइक नदी युकॉन नदीला मिळते आणि त्या संगमाच्या जरा वर हा ओढा क्लोंडाइकला. इथलं सोनं कोलारसारखं कातळाच्या शिरेत बसलेलं नाही. डोंगर लाखो वर्षं झिजले, शिरा फुटल्या, दगडगोटे पाण्याबरोबर खाली आले आणि जड सोनं वाळूगोट्यांच्या तळाशी जाऊन बसलं. उत्तरेचा बराच मुलूख हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली गेला, हा तेवढा त्यातून सुटला. म्हणून बर्फानं ते थर खरवडून नेले नाहीत. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. सगळी विद्या एवढ्या फरकावर चालते, आणि ती काकींना शिकवायची गरज नाही. तांदूळ रोळताना खडे खाली राहतात नि तांदूळ पाण्याबरोबर पुढं येतात, तसंच हे. पसरट परातीत गोटेमाती घ्यायची, पाण्यात बुडवून गोल गोल हलवायची, कड जराशी कलती करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडत राहायची. शेवटी परातीच्या खाचेत चिमूटभर काळी वाळू उरते. ती लोखंडाची, चुंबकाला चिकटणारी. तिच्या शेपटाला पिवळी रेघ दिसली तर दिसली. काकी खडा टाकून तांदूळ ठेवतात, इथं तांदूळ टाकून खडा ठेवायचा, फरक एवढाच. आपल्या विदर्भातल्या सोनझारी लोकांनी नदीच्या रेतीत पिढ्यान् पिढ्या हेच केलं, आणि सराफकट्ट्यावरची झाडलोट धुणारे झारेकरीही हेच करतात. त्यांच्यातल्या कुणी माडी बांधल्याचं तुमच्या ऐकिवात आहे का? सोनं तर त्यांनाही रोज सापडतं.

आता खर्चाची पहिली बाब. सोन्याचा थर उघड्यावर नसतो. वर काळा कुजका गाळ, त्यात कधी मॅमथची हाडं, त्याखाली गोटे, आणि खाली कातळ. सोनं बहुतेक त्या कातळाला चिकटून, काही वेळा त्याच्या भेगांत. हे सगळं बारा महिने गोठलेलं असतं. उन्हाळ्यात वरचं हात-दोन हात सुटतं, त्याखाली कुदळ मारली तर ठिणगी उडावी अशी जमीन. तुम्ही आगीत सोनं वितळवता. ही माणसं सोन्याच्या आधी चिखल वितळवत होती. संध्याकाळी खड्ड्यात लाकडं रचून पेटवायची, रात्रभर धुमसू द्यायची, सकाळी धूर निघून गेला की हात-दीड हात सुटलेली माती उपसायची, पुन्हा लाकडं रचायची. असं करत कातळापर्यंत जायचं. कातळ लागला की उभं खणणं संपलं, आडवं सुरू: सोन्याची पट्टी ज्या अंगाला जाते त्या अंगाला, गुडघ्यांवर बसून, धुरकटलेल्या बोगद्यात. वरचा जोडीदार हातरहाटानं बादली ओढून घेणार आणि शेजारी ढीग घालणार. हे काम हिवाळ्याचंच. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं आणि छत सुटतं. उणे चाळीसमध्ये ढीग घालता येतो, धुता मात्र येत नाही, कारण पाणीच दगड झालेलं असतं. झोपडीत शेगडीवर बर्फ वितळवून एखादी परात धुऊन बघायची, पट्टी हातची सुटली नाही ना एवढी खात्री करायची, आणि मे महिन्याची वाट बघायची. मेमध्ये ओढा सुटला की लाकडी पन्हळीतून तो अख्खा ढीग धुवायचा. पन्हळीच्या तळाला आडव्या पट्ट्या, त्यांच्यामागं सोनं अडकतं. सहा-सात महिन्यांची मजुरी, लाकूड, किराणा हे सगळं आधी घालायचं आणि पावती एकदम मेमध्ये फाडायची. द्राक्षबागायतदाराला ही तऱ्हा ठाऊक आहे. त्याची बाग निदान डोळ्यांना दिसते तरी.

तुम्ही म्हणाल, खर्च ठीक, पण पहिल्यांदा सापडलं ते तर नशिबानंच ना? ऑगस्ट १८९६ मध्ये जॉर्ज कार्मॅक, त्याची बायको केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली ही मंडळी क्लोंडाइकच्या मुखाशी सामन मासे धरायला आली होती. सापडलं सोनं. १७ तारखेला त्यांनी क्लेमच्या खुंट्या ठोकल्या, म्हणून मी आज पत्राला हीच तारीख घातली. पण ही मंडळी मुंबईहून पर्यटनाला आलेली नव्हती, नाना. जिम आणि चार्ली टॅगिश लोकांतले, याच मुलखात वाढलेले. कार्मॅक वर्षानुवर्षं इथंच, सासुरवाडीत मुरलेला. त्या भागात सोनं असावं हे त्यांना रॉबर्ट हेंडरसन नावाच्या नोव्हा स्कोशियाच्या माणसानं सांगितलं होतं. तो शेजारच्याच ओढ्यावर राबत होता. पण जिम आणि चार्लीसारख्या मूळच्या रहिवाशांनी आपल्या आसपास क्लेम घेऊ नयेत असं त्याचं मत, आणि ते त्यानं तोंडावर ऐकवलं. त्यामुळं खरं घबाड लागलं तेव्हा त्याला निरोप द्यायला डोंगर ओलांडून कुणी गेलं नाही. त्याला कळेपर्यंत बोनान्झावर खुंट्यांचं रान माजलं होतं. याला तुम्ही हेंडरसनचं कमनशीब म्हणाल का? आपल्याकडं याला जीभ म्हणतात. पहिल्यांदा नेमकं कुणाला दिसलं याबद्दल कार्मॅकची आणि जिम-चार्लीची, दोन्हीकडच्या हकिगती वेगळ्या आहेत. शोधाचा मान आणि त्यापोटी मिळणारा जादा क्लेम कार्मॅकनं आपल्या नावावर लावला. कारण असं सांगितलं की मूळ रहिवाशाच्या नावाला नोंदणीत कुणी जुमानणार नाही. सात-बारावर कुणाचं नाव लागतं याचं महत्त्व मी तुम्हाला काय सांगणार.

पुढचं बघा. बातमी पहिल्यांदा पोचली ती फोर्टीमाइलला, नदीच्या खालच्या अंगाच्या वसाहतीत. तिथली माणसं दहा वर्षं युकॉनच्या वाळूत हात घालून बसलेली. जाळून माती सोडवायची रीत त्यांना येत होती, हिवाळ्याचं धान्य कोठीत होतं. ओढ्याच्या लांबीनं ५०० फुटांचा एक क्लेम, 'शोध' या मूळ क्लेमपासून वर एक, वर दोन, खाली एक, खाली दोन अशी मोजणी. आपल्या गल्लीत घरं सांगतात तशी. वर्ष सरायच्या आत बोनान्झा आणि त्याला मिळणारा एल्डोराडो, दोन्हीकडच्या मोक्याच्या जागा संपल्या. बाहेरच्या जगाला हे कधी कळलं? जुलै १८९७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला 'एक्सेल्सियर' आणि सिॲटलला 'पोर्टलंड' या बोटी लागल्या तेव्हा. म्हणजे जवळजवळ वर्षानं. बोटीतून सोनं उतरलं नि त्याबरोबर बातमी उतरली. धक्क्यावरच्या हजारो लोकांना त्यातली बातमी तेवढी मिळाली. सोनं ज्यांचं होतं ते पेट्या उचलून चालते झाले. सिॲटलच्या महापौरानं तर राजीनामा देऊन वाट धरली. निघालेल्यांची संख्या लाखाच्या घरात सांगतात. त्यातले पोचले तीस-चाळीस हजार, आणि ज्यांच्या हाताला थोडंफार सोनं लागलं ते चारएक हजार.

इथं जरा पाटी-पेन्सिल घ्या. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी नियम केला की वर्षभराचं सामान बरोबर असल्याशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही. धान्य, तंबू, हत्यारं धरून हे वजन एक टन. नियम योग्यच होता, नाहीतर माणसं उपाशी मेली असती. पण चिलकूट खिंडीत बर्फात खोदलेल्या पंधराशे पायऱ्यांवरून ते टनभर सामान पाठीवर, तीस-चाळीस खेपांत चढवायचं. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर घोडे लावले, तर तीनेक हजार घोडे मेले आणि वाटेचंच नाव 'मेलेल्या घोड्यांची वाट' पडलं. आता प्रत्येकानं प्रवास आणि सामान मिळून नुसते ५०० डॉलर घातले असं धरा. मी मुद्दाम कमी धरतोय. लाख माणसांचे झाले ५ कोटी डॉलर. आणि क्लोंडाइकचं सोनं ज्या वर्षी सर्वांत जास्त निघालं त्या १९०० साली ते होतं सुमारे २ कोटी २० लाखांचं. म्हणजे सर्वांत भरभराटीच्या दोन वर्षांचं सोनं एकत्र केलं तरी लोकांनी ते शोधायला येण्यात घातलेला पैसा वसूल होत नाही. त्यातून १९०० साल आलं तोवर गर्दी निघून गेली होती! १८९९ मध्ये अलास्कात नोमच्या किनाऱ्यावर सोनं सापडल्याची बातमी आली आणि त्या उन्हाळ्यात डॉसनमधून हजारो माणसं बोटींत बसली. माणसं कमी झाली, सोनं वाढलं. गर्दी आणि सोनं यांचा काही संबंध असता तर हे उलट झालं असतं.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत अवघड आक्षेप डिक लोवचा आहे, तो लपवून उपयोग नाही. सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी क्लेमांच्या हद्दी तपासत होता. लोकांनी अंदाजानं खुंट्या मारलेल्या, त्यामुळं काही क्लेम ५०० फुटांपेक्षा लांब निघाले आणि मधल्या फटी मोकळ्या सुटल्या. 'वर दोन' जवळ अशीच एक पाचर उरली, रुंद बाजूला ८६ फूट. ओगिल्वीच्या हाताखाली साखळी धरणारा डिक लोव म्हणाला, ही मी घेतो. घेतली, पण मनातून नाराज. एवढ्याशा चिंधीत काय असणार? विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेना. शेवटी स्वतः खणली, आणि ती अख्ख्या मुलखातली, जागेच्या मानानं, सर्वांत श्रीमंत चिंधी ठरली. आता हे नशीब नाही तर काय, असं तुम्ही मांडीवर थाप मारून विचाराल. मान्य, हे नशीब. पण हे नशीब कुणाला गाठ पडलं? ज्याच्या हातात मोजणीची साखळी होती त्याला. सिॲटलच्या धक्क्यावर उभ्या असलेल्याला ती फट दिसूच शकत नव्हती. आणि लोवचा पैसा पुढं टिकला नाही. डझनावारी क्लेमांत भागीदाऱ्या करून 'क्लोंडाइकचा राजा' म्हणवलेला ॲलेक्स मॅक्डोनल्ड १९०९ मध्ये एका आडवळणाच्या ओढ्यावर, झोपडीसमोर लाकडं फोडता फोडता गेला. त्याच्याकडं सोन्याची वाण नव्हती. एका क्लेमचं सोनं दुसऱ्या क्लेमच्या खड्ड्यात घालत राहिला, खर्च कुठं थांबवायचा ते कळलं नाही. तुमच्या आटपाडीकडं चार बोअर कोरडे गेल्यावर पाचवा मारणारे भेटतात ना, तीच जात. आणि बोअरवाला पैसे फुटावर घेतो, पाण्यावर घेत नाही.

दुसरा आक्षेप व्हॉट्सॲपवरचा: खणू नये, खणणाऱ्यांना फावडी विकावीत. हे वाक्य अर्धंच खरं. सिॲटलच्या दुकानदारांनी पैसा केला, पण तो घरी बसून. डॉसनमध्ये १८९८ च्या उन्हाळ्यात कुणी फावडी विकायला बसला असता तर समोर रस्त्यावर हजार माणसं आपापलं टनभर सामान मिळेल त्या भावाला विकून परतीच्या बोटीचं भाडं जमवत होती. खिंडीवरून पाठीवर आणलेलं पीठ खरेदीच्या भावाला गेलं तरी हमाली पाण्यात. बेलिंडा मलरूनी नावाच्या बाईनं मात्र डोकं चालवलं. ती फावडी न आणता रबरी गरम पाण्याच्या पिशव्या आणि कापड घेऊन आली, कारण उणे चाळीसमध्ये माणसाला काय लागतं ते तिनं ओळखलं. मग सगळे डॉसनमध्ये हॉटेल काढत असताना तिनं ते काढलं ओढ्यावर, बोनान्झा नि एल्डोराडो जिथं मिळतात त्या नाक्यावर. तिथं पुढं ग्रँड फोर्क्स गाव उभं राहिलं. तिचीही विद्या खर्चाचीच: माल कुठून कुठं वाहून न्यायचा आणि कुठून कुठं नाही.

आणि आपल्या धंद्याचं म्हणाल, तर डॉसनमधला व्यवहार वाचून तुम्हाला रात्री झोप येणार नाही. नाणं दुर्मिळ, म्हणून सोन्याची भुकटी हेच चलन. शुद्ध सोन्याचा सरकारी दर औंसाला २० डॉलर ६७ सेंट. ही भुकटी दुकानात १६ डॉलरनं चाले. भागाकार करा, टंच ७७ च्या आसपास येतो. बाकीची बहुतेक निसर्गानंच मिसळलेली चांदी, आणि शिवाय दुकानदाराच्या मते गिऱ्हाइकानं मिसळलेली काळी वाळू. प्रत्येक गल्ल्यावर तराजू, प्रत्येक खरेदीला पिशवीतून चिमूट काढायची, फुंकर मारायची, तोलायची. एकच पिशवी दिवसात दहा जागी उघडली तर संध्याकाळी घट किती? गुत्त्यांतल्या जमिनीवरचा लाकडाचा भुसा झाडून धुतला की सोनं निघे. म्हणजे आपले झारेकरी तिथंही होते, फक्त त्यांना इंग्रजी येत होतं. तुम्ही तिथं एक मूस आणि तेजाबाची बाटली घेऊन बसला असता तर मला खात्री आहे, नाव काढलं असतंत. मात्र पत्रात तुम्ही क्लेम म्हणालात, भट्टी म्हणाला नाहीत.

माझ्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा मात्र यंत्रांचा आहे, अक्षरशः वजनदार. हातानं खणणाऱ्यांनी श्रीमंत पट्टी काढली, तरी कमी सोन्याची प्रचंड माती उरली. एका माणसाला ती परवडत नव्हती. कंपन्यांना परवडू लागली. त्यांनी शेकडो क्लेम एकत्र केले, पाण्याचे पाट आणले, वीज तयार केली आणि ड्रेज बांधले. ड्रेज म्हणजे तरंगता कारखाना. तो स्वतःचं तळं स्वतः खणतो, त्यातच तरंगतो, पुढची माती बादल्यांच्या साखळीनं पोटात घेतो, आत धुतो, गोटे मागं टाकतो आणि तळ्यासकट पुढं सरकतो. गांडूळच, पण आठ मजली. १९१२ मध्ये बांधलेला चार नंबरचा ड्रेज आजही 'खाली सतरा' या क्लेमवर उभा आहे. १९५९ मध्ये तो तिथंच थांबला, आता राष्ट्रीय स्मारक आहे. त्याच्या पोटात बारीक सोनं धरायला लोखंडी पट्ट्यांखाली काय अंथरत माहीत आहे? काथ्याच्या चटया. आपल्या नारळाचा काथ्या! उत्तर ध्रुवाच्या दारात, गोठलेल्या ओढ्यात, कोट्यवधींचं सोनं पायपुसण्याच्या जातीच्या वस्तूवर पकडत होते. नंतर त्या धुऊन सोनं काढायचं. ड्रेजच्या पुढं जमीन सोडवायला आधी वाफेचे पाइप ठोकत. लाकूड जाळून वाफ करणं महाग पडू लागलं तसं कळलं की ओढ्याचं साधं थंड पाणी पाइपांतून जमिनीत सोडलं तरी बर्फ सुटतो, आणि स्वस्तात. बर्फ वितळवायला थंड पाणी: ही अक्कल यायला वीसेक वर्षं लागली, आणि ती आणली जळणाच्या बिलानं. ग्रँड फोर्क्स गाव ओस पडलं तशी ड्रेजनं गाव बसलं होतं ती जमीनही धुऊन घेतली. तिथं आता गोट्यांच्या लांबच लांब वळकट्या आहेत.

पण ड्रेज थांबले का? सोनं संपलं म्हणून? मुळीच नाही. १९३४ पासून अमेरिकेनं सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलरवर बांधून ठेवला होता, आणि मजुरी, लोखंड, सुटे भाग तर वर्षागणिक चढत होते. १९६६ मध्ये शेवटची मोठी कंपनी बंद झाली. मग सत्तरच्या दशकात भाव मोकळा झाला, वर गेला, आणि माणसं बुलडोझर घेऊन त्याच ओढ्यांवर परत आली. काहींनी ड्रेजनं टाकून दिलेले गोटेसुद्धा पुन्हा धुतले. मधल्या काळात जमिनीत एक गुंजही वाढली नव्हती. तीच माती, तेच सोनं, बदलली ती वजाबाकी. नशिबाला यात कुठं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

आता तुमचा हुकमी पत्ता: आज सोन्याचा भाव गगनाला भिडलाय आणि सरकारची रॉयल्टी नाममात्र. हे खरं आहे, इतकं खरं की हसू येतं. १८९७ मध्ये सरकारनं १० टक्के मागितले तेव्हा ओढ्यांवर दंगा व्हायची वेळ आली होती. पुढं कायदा सैलावला आणि अडीच टक्क्यांवर आला. तेही सोनं औंसाला १५ डॉलर आहे असं समजून. म्हणजे औंसाला साडेसदतीस सेंट. बाजारभाव हजारांत गेला तरी कित्येक दशकं कायद्याच्या पुस्तकात सोनं १५ डॉलरवरच बसून राहिलं. पण नाना, रॉयल्टी कमी म्हणजे खर्च कमी नव्हे. आजचा क्लेमवाला म्हणजे सरळ मातीकामाचा कंत्राटदार: एक्सकॅव्हेटर, बुलडोझर, धुण्याचं यंत्र, पंप, टँकरनं डिझेल, मेकॅनिक, पाण्याचा परवाना, आणि काम झाल्यावर ओढा पुन्हा ओढ्यासारखा करून द्यायची अट. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तिथं पिढ्यान् पिढ्या टिकून असलेली कुटुंबं आहेत, ती पोट भरतात, काही चांगलं कमावतात. त्यांना विचारलं तर ती सोन्याबद्दल कमी आणि हायड्रॉलिकच्या नळ्यांबद्दल जास्त बोलतील. आपल्याकडं जेसीबी भाड्यानं देणाऱ्याचं तोंड तेच.

एक खर्च मात्र या कुठल्याच वहीत कुणी मांडला नाही, तो सांगितल्याशिवाय पत्र पुरं होत नाही. क्लोंडाइक हा शब्द हान भाषेतल्या ट्रॉन्डेकचा अपभ्रंश. मासे अडवायला नदीच्या तळात मेखा ठोकत, त्या ठोकण्याच्या दगडी हातोड्यावरून नदीचं नाव. त्या मुखाशी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा सामन धरायचा तळ होता. गर्दी आली तशी ती जागा गेली, आणि त्यांचा मुखिया चीफ आयझॅक आपल्या माणसांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेला. या धामधुमीत आपली गाणी हरवतील हे ओळखून त्यानं ती अलास्कातल्या नातलगांकडं सांभाळायला दिली. सोनं तारण ठेवतात हे आपल्याला माहीत. गाणी ठेव म्हणून ठेवलेली मी दुसरीकडं ऐकली नाहीत. पुढं शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांचा जमिनीचा नि कारभाराचा करार झाला. गाणीही परत येऊ लागली. २०२३ मध्ये युनेस्कोनं हा मुलूख जागतिक वारशात घेतला तोही ट्रॉन्डेक-क्लोंडाइक या जोडनावानं, त्यांचं नाव आधी लावून.

तेव्हा विट्याची जागा विकू नका. फारच हौस असेल तर बोनान्झावर 'वर सहा' नावाचा क्लेम पाहुण्यांसाठी खुला ठेवलाय. तिथं कुणीही परात घेऊन सोनं धुवावं, सापडेल ते घरी न्यावं, एक पैसा लागत नाही. विमानाचं भाडं तेवढं धरा. मे ते सप्टेंबरच्या मधे या, पाणी तेव्हाच पाण्यासारखं असतं. काकींना जरूर आणा. परातीचं काम त्यांच्याकडं, टंच तुमच्याकडं, आणि पाठीला वात आला की चोळायला आम्ही आहोतच.

मुलांचे तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
संजू

ता. क. काकींना निराळं सांगतो, नानांना वाचून दाखवू नका: परात हलवताना घाई करायची नाही, आणि काळी वाळू दिसली की थांबायचं. नाना तर तिथंच 'अजून थोडी माती घाल' म्हणतील.